सोसायटीच्या आवारात सापडलेला ससा: पकडण्यापासून घरात रुळेपर्यंत

ठाण्यात घोडबंदर रोडच्या टॉवरखालचं पार्किंग, नवी मुंबईत नेरुळ-सीवूड्समधल्या रो-हाउसच्या मागची गल्ली, खारघरच्या सेंट्रल पार्कचं कुंपण. अशा ठिकाणी पांढरा, काळा-पांढरा किंवा फिकट तपकिरी ससा दिसला, तर तो कुणाच्या तरी घरातून सुटलेला किंवा मुद्दाम सोडलेला असतो. रानातून तो आलेला नसतो. पाळीव सशाची जात मूळची युरोपातली. ‘झाडं आहेत, गवत आहे, राहील मजेत’ असं समजून लोक त्याला ठाण्याच्या उपवन तलावाच्या काठाला किंवा येऊरच्या जंगलाच्या पायथ्याशी सोडून जातात. पण पांढऱ्या सशाला तिथे लपताच येत नाही. दिवसा घारी आणि कावळे, रात्री कुत्री आणि मांजरं असतात, नवी मुंबईच्या खारफुटीकडे कोल्हेही आहेत. त्यामुळे असा ससा दिसला तर ‘उद्या बघू’ म्हणू नका.

आधी नीट बघा: पाळीव की रानातला?

येऊर, पारसिकचा डोंगर, खारघरच्या टेकड्या या भागात आपला रानससाही दिसतो. तो अंगाने सडपातळ, पाय आणि कान लांब, रंग मातकट तपकिरी, मानेमागे काळा डाग आणि शेपटीची वरची बाजू काळी. माणसाची चाहूल लागताच तो सुसाट पळतो. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली त्याला संरक्षण आहे. त्याला घरी आणणं हा गुन्हा आहे आणि कोंडल्याच्या धास्तीने तो दगावतोही. गवतात एकटं बसलेलं पिल्लू दिसलं, त्याच्या अंगावर केस असतील आणि डोळे उघडे असतील, तर ते बहुधा रानसशाचं असतं. आई दिवसभर लांब राहते आणि अंधार पडताना दूध पाजायला येते. जखम नसेल तर हात लावू नका. जखमी असेल तर वन विभागाच्या 1926 या हेल्पलाइनवर कळवा.

पाळीव ससा गोलसर असतो, माणसाला पाहून थोडं थबकतो, कधी जवळही येतो. त्याचं पिल्लू जन्मतः उघडं आणि मिटल्या डोळ्यांचं असतं.

पकडताना पाठलाग करू नका

धावून ससा हाती लागत नाही. वीस-पंचवीस मिनिटं पळवला, त्यातही एप्रिल-मेच्या उन्हात, तर धापेनेच तो जाऊ शकतो. ससे पहाटे आणि तिन्हीसांजेला हालचाल करतात, दुपारी एकाच आडोशाला बसून राहतात. म्हणून दुपारी जागा हेरून ठेवा आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास कामाला लागा. गाडीखाली बसला असेल तर त्या गाडीच्या मालकाला आणि वॉचमनला आधी सांगा. इंजिन सुरू होण्यापूर्वी खाली बघायला माणूस हवा.

तीन माणसं, दोन-तीन मोठे पुठ्ठे (फ्रिज किंवा वॉशिंग मशीनच्या खोक्याचे उलगडून) आणि एक मांजराचा कॅरिअर किंवा झाकणाचा क्रेट एवढं पुरतं. पुठ्ठे जमिनीला टेकवून उभे धरायचे, भिंतीच्या कोपऱ्याशी हळूहळू त्रिकोण करायचा आणि तो आवळत आणायचा. कॅरिअरचं तोंड त्या कोपऱ्याकडे, आत कोथिंबिरीची काडी आणि मागचा भाग चादरीने झाकलेला. सशाला अंधाऱ्या बोळात शिरायला आवडतं, पुष्कळदा तो आपणहून आत जातो. गप्पा, हाका, मोबाइलचा फ्लॅश नको. सोसायटीतली मुलं उत्साहाने जमतात, त्यांना लांब उभं राहून दुसऱ्या बाजूची गल्ली राखायचं काम द्या.

उचलावाच लागला तर वरून टॉवेल टाका. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली आणि अंग आपल्या पोटाशी घट्ट. कान धरून कधीच उचलू नका. नुसती मानेची कातडी धरून लोंबकळवणंही वाईट. सशाची हाडं फार हलकी आणि मागच्या पायांची ताकद मोठी, त्यामुळे अधांतरी लाथ मारली तर त्याचाच मणका मोडतो. उताणा केल्यावर तो निपचित पडतो तेव्हा ‘शांत झाला’ असं वाटतं, पण ती भीती असते. चावला किंवा नखं लागली तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुवा आणि डॉक्टरला दाखवा.

एक सापडला म्हणजे आणखी नाहीत असं नसतं. सोडून देणारे बरेचदा जोडी सोडतात. पुढचे दोन-तीन दिवस पहाटे आणि संध्याकाळी आवारात चक्कर मारा.

पहिली रात्र

घरातली सर्वांत शांत, थंड जागा निवडा. बहुतेक फ्लॅटमध्ये ती बाथरूमबाहेरचा पॅसेज किंवा बेडरूमचा कोपरा असते. गच्ची आणि बंद बाल्कनी नको. फरशीवर जुनी सतरंजी किंवा धुतलेलं गोणपाट अंथरा, कारण गुळगुळीत टाइल्सवर सशाचे पाय फाकतात आणि तो भेदरतो. आडवं ठेवलेलं पुठ्ठ्याचं खोकं हे त्याचं घर. त्याला दोन दारं कापा, एकाच दाराच्या बिळात त्याला कोंडल्यासारखं वाटतं. पाणी जड वाडग्यात ठेवा. बाटलीच्या नळीतून चाटून तहान भागत नाही.

अंघोळ घालू नका. कितीही मळलेला, वास मारणारा असला तरी नाही. भिजलेला ससा लवकर गारठतो आणि धसक्याने मरूही शकतो. घाण लागली असेल तेवढा भाग ओल्या कापसाने पुसा आणि कोरडा करा. कान आणि अंग गार, मान टाकलेली असेल तर कोमट पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून शेजारी ठेवा आणि तसाच दवाखान्यात न्या.

खायला फक्त वाळलेलं गवत किंवा स्वच्छ दूर्वा. भुकेला दिसतो म्हणून गाजर, कोबी, पोळी, बिस्किट पुढ्यात ओतणं ही सर्वांत जास्त होणारी आणि महाग पडणारी चूक. सशाचं पोट सतत तंतुमय चाऱ्यावर चालतं. अचानक साखर आणि पिठूळ पदार्थ गेले की आतड्यातले जिवाणू बिघडतात, गॅस धरतो, आतड्याची हालचाल मंदावते आणि शेवटी थांबते. सशाला उलटीही होत नाही, म्हणजे आत गेलेलं बाहेर काढायचा मार्गच नाही.

म्हणून पहिल्या रात्री गोणपाटावर एक वर्तमानपत्र पसरून ठेवा. सकाळी त्यावर जे पडलेलं दिसेल, त्यातून बरंच कळतं. चांगल्या सशाच्या लेंड्या वाटाण्याहून जरा लहान, गोल, एकसारख्या, कोरड्या असतात. बोटांनी चुरल्या तर आत पिवळसर गवताचा भुसा दिसतो. दिवसाला अशा 200 ते 300 पडतात. लहान, काळ्या, कडक लेंड्या म्हणजे तो उपाशी आहे किंवा पाणी कमी पडलंय. केसाने माळेसारख्या जोडलेल्या असतील तर गवत वाढवा. द्राक्षाच्या लहान घोसासारखा चकचकीत, मऊ, उग्र वासाचा पुंजका दिसला तर तो जुलाब नव्हे. त्या खास लेंड्या असतात आणि ससा त्या स्वतः परत खातो, त्यातून त्याला जीवनसत्त्वं मिळतात. पातळ पाण्यासारखी शी मात्र आणीबाणी. लघवी दुधाळ, पिवळी, नारिंगी, अगदी विटकरी असली तरी घाबरू नका, दुधाळपणा कॅल्शियमचा आणि रंग चाऱ्यातल्या रंगद्रव्यांचा असतो. लाल ठिपके किंवा गुठळ्या असतील तर ते रक्त असू शकतं.

आणि कागद कोरा असेल तर? 10 ते 12 तास ना खाल्लं ना लेंडी पडली, तर सकाळची वाट न बघता डॉक्टर गाठा. पाठ कमान करून कोपऱ्यात बसणं, दात करकरा वाजवणं, पोट ढोलकीसारखं लागणं ही आतडं थांबत असल्याचीच लक्षणं. सशाचं दुखणं चेहऱ्यावर दिसत नाही. तो शिकार होणारा प्राणी आहे, शेवटपर्यंत ‘ठीक आहे’ असंच भासवतो. म्हणून आम्ही वागण्यापेक्षा लेंड्यांवर जास्त विश्वास ठेवतो.

डॉक्टर कोणता आणि काय विचारायचं

ठाणे आणि नवी मुंबईत कुत्र्या-मांजरांचे दवाखाने भरपूर आहेत, पण सशाचं शरीर वेगळं असतं आणि औषधंही वेगळी लागतात. फोनवरच सरळ विचारा: ससे नियमित बघता का, सशांची नसबंदी करता का, ऑपरेशनआधी उपाशी ठेवायला सांगता का? शेवटच्या प्रश्नाला ‘हो, रात्रभर उपाशी’ असं उत्तर आलं तर दुसरा दवाखाना शोधा. सशाला उपाशी ठेवायचं नसतं. पाहिजेच तर ‘एक्झॉटिक’, म्हणजे कुत्र्या-मांजरांपलीकडचे पाळीव प्राणी बघणारा डॉक्टर विचारा. परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय हे प्राण्यांचं जुनं मोठं रुग्णालय आहे, तोही एक पर्याय लक्षात असू द्या. रात्री कोण उघडं असतं हे पहिल्याच दिवशी लिहून फ्रिजवर लावा.

24 तासांच्या आत तपासणी व्हायला हवी. कुत्र्याने किंवा मांजराने धरला असेल तर लगेच, अंगावर जखम दिसत नसली तरी. केसांखाली दाताचं भोक झाकलं जातं आणि मांजराच्या चाव्यातून जंतू वेगाने पसरतात.

तपासणीत एवढं झालंच पाहिजे: वजन, पुढचे आणि दाढांचे दात, कान, नाक, पंजांचे तळवे, शेपटीखालचा भाग, नर की मादी. सशाचे दात आयुष्यभर वाढतात, समोरचे तर आठवड्याला 2-3 मिलिमीटर. गवत न खाणाऱ्या सशाच्या दाढांना धार येऊन जीभ कापते, मग तो चाऱ्याजवळ जातो आणि न खाता परत येतो. पुढच्या पंजांची आतली बाजू चिकट, गुठळ्या झालेली असेल तर तो वाहतं नाक पुसतोय, म्हणजे श्वसनाचा संसर्ग. नाकावर, कानांच्या कडांवर, बोटांमध्ये राखाडी खपल्या असतील तर ती खरूज. आपल्या दमट हवेत सापडलेल्या सशांमध्ये ती वारंवार दिसते. तिचे किडे माणसालाही काही दिवस खाज आणतात, म्हणून हातमोजे वापरा. खपली ओरबाडू नका, इंजेक्शनने ती आपोआप गळते.

दोन गोष्टी तोंडपाठ करा. कुत्र्यांच्या पिसवांसाठी मिळणारं फिप्रोनिलचं औषध सशाला विष आहे. तोंडाने दिलेलं अमॉक्सिसिलिनही घातक, त्याने पोटातले चांगले जिवाणू मरतात. घरातलं उरलेलं कुठलंही औषध देऊ नका.

रिक्षाने नेताना सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी निघा. कॅरिअर मांडीवर किंवा पायाशी, खाली टॉवेल, सोबत गवताची मूठ. डिकीत कधीच नको.

मादी असेल तर महिनाभर सावध

सशीण साधारण चार ते सहा महिन्यांत वयात येते, 30 ते 32 दिवसांत विते आणि व्यायल्यावर त्याच दिवशी पुन्हा गाभण राहू शकते. बाहेर सापडलेली प्रत्येक मादी गाभण आहे असं धरूनच चाला आणि आणल्यापासून 32 दिवस मोजा. तोंडात गवत गोळा करू लागली, छातीचे केस उपटू लागली, की एक-दोन दिवसांत, कधी काही तासांत पिल्लं. तिच्या अंगाहून थोडं मोठं खोकं गवताने भरून द्या. पिल्लांना ती दिवसातून एक-दोनदाच, तेही पाच मिनिटं पाजते. बाकी वेळ जवळ जात नाही म्हणून तिने टाकलं असं नव्हे. पिल्लांची पोटं गोल आणि त्वचा ताणलेली असेल तर पोटभर दूध मिळतंय. आणि सापडली तेव्हाच तिची स्तनं भरलेली असतील, तर पिल्लं मागे राहिली आहेत. त्याच दिवशी त्या जागेची झुडपं, पाइपांच्या मागची फट, गटाराच्या झाकणाखालची पोकळी सगळं शोधा.

नसबंदी टाळू नका. नर चार-पाच महिन्यांचा, मादी पाच-सहा महिन्यांची झाली आणि अंग भरलं की करता येते. नसबंदी न केलेल्या माद्यांत वयानुसार गर्भाशयाच्या कर्करोगाचं प्रमाण फार मोठं असतं. नसबंदीनंतरही नर चार ते सहा आठवडे पिल्लं देऊ शकतो, तेवढे दिवस त्याला मादीपासून वेगळा ठेवा. पेटशॉपने ‘दोन्ही माद्या’ म्हणून दिलेली जोडी पुढे दहा ससे होते, ती नर-मादी नीट न ओळखल्याच्या गोंधळात.

चारा

आहाराचा 80 टक्क्यांहून जास्त भाग गवत असतो. रोज त्याच्या अंगाएवढा ढीग, चोवीस तास समोर. ऑनलाइन टिमोथी किंवा ओटचं वाळलेलं गवत (‘hay’ म्हणून) मिळतं. सहा महिन्यांपुढच्या सशाला लसूणघास रोज देऊ नका, त्यात कॅल्शियम जास्त असल्याने मूत्राशयात खडे आणि गाळ होतो. भाताचा पेंढा अंथरायला ठीक, पण त्यावर ससा पोसला जात नाही.

आपल्याकडची सर्वांत चांगली सोय म्हणजे दूर्वा, म्हणजेच हरळी. ठाण्यात जांभळी नाक्याच्या फुलबाजारात किंवा गणपतीच्या देवळाबाहेर बांधलेल्या जुड्यांऐवजी सुट्ट्या दूर्वा मागा. तीन पाण्यांनी धुवा, पंख्याखाली पसरून वरचं पाणी सुकवा आणि मग द्या. ओल्या ढिगात वाफ धरते आणि तसं गरम झालेलं गवत पोट फुगवतं. गणेशोत्सवात दूर्वांचे भाव चढतात आणि मिळतही नाहीत, तेव्हा वाळलेलं गवत आधी भरून ठेवा. रस्त्याकडेचं किंवा सोसायटीच्या लॉनवरचं गवत नको. त्यावर औषध मारलेलं असतं आणि कुत्री मुततात.

पालेभाजी आठवडाभरानंतर, एका वेळी एकच, दोन-तीन दिवस लेंड्या बघून. कोथिंबीर, पुदिना, मुळ्याचा पाला, गाजराचा पाला चालतो. मोठ्या सशाला वजनाच्या किलोमागे साधारण एक मूठ रोज. पालक आणि मेथी कधीमधी. कांदा, लसूण, बटाटा, अळू, अ‍ॅव्होकाडो, चॉकलेट, भात, पोळी कधीच नाही. गाजर हा खाऊ आहे, जेवण नव्हे: बोटभर जाडीची एक चकती, आठवड्यातून दोनदा. पेलेट्स (तयार चाऱ्याच्या दाबून केलेल्या गोळ्या) मोठ्या सशाला किलोमागे 25 ग्रॅमच्या आत, रंगीत दाणे आणि बिया असलेली मिश्रणं नकोत. पाणी किलोमागे 50 ते 100 मिलिलिटर रोज प्यायलं जातं. उन्हाळ्यात वाडगा दोनदा बदला.

रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर टबात बसवून वजन लिहा. आधीपेक्षा दहावा हिस्सा कमी झाला तर डॉक्टर.

जागा, ऊन, पाऊस

पक्ष्यांचा जाळीचा पिंजरा सशाचा नव्हे. तारेवर बसून तळव्यांना फोड येतात आणि ते लवकर बरे होत नाहीत. 1 बीएचकेमध्येही 4 फूट बाय 6 फुटांचा प्लेपेन (घडीचं जाळीचं कुंपण) मांडता येतो, रोज तीन-चार तास बाहेर फिरू द्यायचं. वायरी पाइपात घाला. चार्जरची वायर तो एका चाव्यात तोडतो.

लिटर ट्रेसाठी, म्हणजे शी-लघवीच्या जागेसाठी, प्लॅस्टिकचं घमेलं उत्तम. तळाला वर्तमानपत्र किंवा कागदाच्या गोळ्या, वर गवताचा थर. ससा खाता खाता लेंड्या टाकतो, म्हणून गवत ट्रेच्या वरच लटकवा. काही दिवसांत त्याला सवय लागते. मांजरांची गुठळी होणारी वाळू पोटात गेली तर आतडी तुंबतात.

उन्हाळा ही इथली खरी अडचण आहे. सशाला घाम येत नाही, उष्णता कानांवाटे बाहेर पडते. त्याला 16 ते 22 अंश मानवतं. 28-30 च्या वर त्रास सुरू होतो आणि आपल्या दमट हवेत तो लवकर वाढतो. दुपारी एसीची खोली, नसेल तर पंखा, ओली केलेली फरशीची लादी आणि टॉवेलात गुंडाळलेली गोठवलेली बाटली ठेवा. कान तापलेले लाल, तोंड उघडून श्वास, लाळ, अंग सैल सोडून पसरलेला असेल तर उष्माघात. कान साध्या थंड पाण्याने ओले करा, वारा घाला आणि निघा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका.

पावसाळ्यात दोन शत्रू आहेत, बुरशी आणि माश्या. गवत पिशवीत घामेजतं. कोरड्या डब्यात लहान भागांत ठेवा आणि काळपट, कुबट वासाचं लगेच फेका. शेपटीखाली शी चिकटलेली असेल तर माशी तिथे अंडी घालते आणि एका दिवसात अळ्या मांसात शिरतात. जून ते सप्टेंबर दिवसातून दोनदा शेपटी उचलून बघा. अळी दिसली तर त्याच तासाला दवाखाना.

दिवाळीच्या फटाक्यांत आणि मिरवणुकीच्या ढोलांत खिडक्या बंद, खोक्यावर जाड चादर. दुसऱ्या दिवशी पुन्हा लेंड्या मोजा.

घरात आधीचा ससा असेल तर नव्याला निदान दोन आठवडे दुसऱ्या खोलीत ठेवा, वेगळी भांडी, हात धुऊन. त्यानंतरही दोघांची नसबंदी झाल्याशिवाय गाठ घालू नका. ससे भांडतात तेव्हा रक्त निघतं.

मालक आणि पुढचं घर

वॉचमन, सोसायटीचे व्हॉट्सॲप ग्रुप, जवळचे दवाखाने आणि पेटशॉप यांना कळवा. पण पूर्ण फोटो टाकू नका. एखादी खूण, म्हणजे मागच्या पंजावरचा डाग किंवा कानाची चीर, लपवून ठेवा आणि हक्क सांगणाऱ्याला तीच विचारा. खरा मालक फोटो दाखवेल, सवयी सांगेल. उपाशी-तहानलेलं पडेल अशा रीतीने प्राणी टाकून देणं हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, 1960 खाली गुन्हा आहे, हेही त्या पोस्टमध्ये लिहा.

कुणीच आलं नाही आणि तुम्हाला ठेवणं जमणार नसेल, तर नसबंदी होईपर्यंत ससा हातचा सोडू नका. घेणाऱ्याचं घर प्रत्यक्ष बघा: पिंजरा कुठे, दुपारी ऊन येतं का, कुत्रं आहे का, लहान मुलाच्या वाढदिवसासाठी हवाय का. ससा 8 ते 12 वर्षं जगतो, तेव्हा मूल दहावीत जाईल आणि हा घरातच असेल, हे स्पष्ट सांगा. मांसासाठी किंवा पैदाशीसाठी मागणारे गोड बोलतात. फुकट न देता औषधोपचाराचा थोडा खर्च मागितला की ते बाजूला होतात.

देताना डॉक्टरचे कागद, दोन आठवड्यांचं तेच गवत आणि त्याच्या ट्रेमधला थोडा ओला कागद लेंड्यांसकट पिशवीत बांधून द्या. नव्या घमेल्याच्या तळाला तो ठेवला की ससा पहिल्याच दिवशी आपली जागा ओळखतो.